वरच्या खोलीत नेट येत नाही

तक्रार मिटली की कॉम्प्युटरवरून जाते. किस्सा मात्र कुठं जात नाही, माझ्याकडेच साठत राहतो! बेळगावातल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीत मी फोन घेते. सगळे मला आक्का म्हणतात, गिऱ्हाइकंसुद्धा. रागावलेली तर जरा जास्तच म्हणतात.

त्यात आता मेश आलं. म्हणजे एका राउटरच्या जागी घरभर दोन-तीन पांढरी डबडी ठेवायची, आणि ती एकमेकांना नेट पुढं देत जातात. जागा चुकली की नेट रांगायला लागतं. लोक काय काय जागा शोधतात, ते आमच्या भरतेशला विचारा. आमचा टेक्निशियन. इथल्याच अनगोळचा, हुशार, आणि त्या दिवसांत लग्नाला आलेला!

निपाणीला मुलगी बघायला गेला. स्नेहल नाव, पुण्याच्या कंपनीचं काम घरीच वरच्या खोलीत बसून करणारी. जैन घर, त्यामुळं बिनकांद्याचे पोहे. मुलीचे वडील आप्पासाहेब, गुळाचे व्यापारी, म्हणाले, "काय इच्यारायचं आसंल तर इच्यारा." आमच्या शहाण्यानं काय विचारावं?

"घरात नेट कुणाचं हाय?"

मुलगी म्हणाली, "तुमचंच. लई स्लो हाय!"

मग आप्पासाहेब बायकोशी कन्नडमधून बोलू लागले. बेळगावच्या पोराला कन्नड येत नाही असं त्यांना का वाटलं, देव जाणे. भरतेशला सगळं कळत होतं. ते म्हणत होते, "पोरगं बरं आहे, पण त्याचं नेट बघितलंस ना?"

शेवटी उत्तर काय, तर "बघू, कळवतो." भरतेशला मुलगी मनापासून आवडली होती. जेवणावरचं लक्ष उडालं त्याचं. ऑफिसात पाय ठेवला की पहिला प्रश्न, "आक्का, निपाणीचा फोन?"

आला एकदाचा! मी स्पीकर लावला. भरतेशचा चहा हातातच राहिला.

"वरच्या खोलीत नेट येत न्हाई," आप्पासाहेब म्हणाले. "त्याच पोराला लावून द्या."

मी म्हटलं, "निपाणीत आमचा दुसरा माणूस आहे, तो लगेच येईल."

"नको. त्योच पायजे."

हा होकार समजायचा की नकार, यावर आमची संध्याकाळ गेली.

*

मधे खंडेनवमी आली. वडगावच्या एका विणकरांच्या घरून फोन, "नेट पार झोपलंय!" त्यांची सून व्हिडिओवरून साड्या विकते, म्हणून भरतेश पळत गेला. बघतो तर तिन्ही डबडी आपापल्या जागेवरून उचलून देवापुढं मांडलेली! मागाच्या धोट्याशेजारी ओळीनं बसवून हळदकुंकू, झेंडूचे हार, सगळं यथासांग.

भरतेश म्हणाला, "मामा, ही लांब लांब ठेवायची असतात. अशी एका जागी बसली तर मागच्या खोल्यांत नेट जाणार कसं?"

"आज हलवायची न्हाईत. माग बी बंद, ही बी बंद. उद्या सोनं वाटून झालं की ठेवतो."

"मग तक्रार कशाला केलीसा?"

"मशीन ज्यानं बसवलं त्यानंच नारळ फोडाय नको व्हय?"

फोडला. तक्रारीपुढं उपाय लिहावा लागतो. मी लिहिलं, 'नारळ फोडला.' कंपनीच्या मालकांनी वाचलं आणि खोबरं मागितलं. भरतेशनं मात्र फोडताना डोळे मिटले होते म्हणे. काय मागितलं, ते वडगावकरांना कळलं नसेल. मला कळलं.

*

आमच्या मागच्या गल्लीत एक रिटायर सर आहेत. त्यांचं म्हणणं, स्पीड मिळतच नाही. घरात जाऊन बघितलं तर सर, बाई आणि फिरायला येणारे त्यांचे मित्र, सगळे फोनवर एकाच वेळी स्पीड मोजत बसलेले! ज्याचा आकडा सगळ्यांत लहान त्यानं चहा पाजायचा, असा नियम.

भरतेश म्हणाला, "सर, मोजण्यातच सगळं नेट संपतंय. थोडं कमी मोजा."

सर चिडले. "मोजायचं नसेल तर नेट घेतलं कशाला?"

मी उपायापुढं लिहिलं, 'मोजणी चालू.'

*

जांबोटीकडच्या एका मामांचं डबडं सापडेचना. परतीचा पाऊस, सगळीकडं ओल. शेवटी दिसलं, चुलीच्या वर शिंक्यात, बियाण्याच्या गाठोड्याशेजारी. धुरानं काळंकुट्ट!

"हितं कशाला टांगलंय मामा?"

"मग? कोरडी जागा घरात एवढीच."

भरतेशनं समजावलं, की धूर आणि उष्णतेनं मशीन दमतं, नेट कमी देतं. मामांनी ऐकून घेतलं, डबड्याकडं बघितलं आणि म्हणाले, "गाय दिलतासा, तिची म्हस झाली. दूध वाढाय पायजे हुतं न्हवं?"

भरतेश इतका हसला की परत येताना भिजलेलं त्याला कळलं नाही. ऑफिसात शिरला, पाणी निथळतंय, आणि विचारतो काय? "आक्का, निपाणीचा फोन?"

*

निपाणीचे फोन येत होते हो! पण तक्रारीचे. भरतेशनं तिथं तीन डबडी लावली होती. वरच्या खोलीत नेट पळायला लागलं होतं. तरी आप्पासाहेबांचं सुरू, "दिवस मावळला की वरचं नेट जातंय." हा दिवसा जायचा, सगळं ठणठणीत. बिचारा पोहे खाऊन, पाया पडून परत. मला त्याची दया यायची आणि हसूही आवरायचं नाही.

एकदा तो तिथंच बसून राहिला. दिवस मावळायच्या आत घरातल्यांची जेवणं उरकली. स्नेहलच्या आज्जी हात धुऊन उठल्या, वर नेट पुढं देणाऱ्या जिन्यातल्या डबड्यापाशी गेल्या आणि बटण बंद!

"आज्जी, हे काय?"

"ह्येच्या दिव्यावर किडं येत्यात आन् मरत्यात. पाप कुणाच्या माथी?"

भरतेशही जैनच. त्यानं वाद घातला नाही. बटण चालू केलं आणि फोनवरून डबड्याचा दिवा तेवढा बंद केला. "आता अंधारात काम करंल आज्जी, किडं येणार न्हाईत."

आज्जी विचारात पडल्या. "म्हंजे रातभर करंट खाणार?"

"व्हय."

"आमच्या घरात दिवस मावळल्यावर कुणी खात न्हाई!"

जिन्यात स्नेहल तोंडावर ओढणी धरून उभी. भरतेश म्हणाला, "आज्जी, थोडं पथ्यपाणी त्येला माफ करा. मशीनला मोक्षाची घाई न्हाई."

आज्जी हसल्या. आप्पासाहेब हसले नाहीत. "नेटचं झालं," ते म्हणाले, "बाकीचं बघू."

*

त्यानंतर निपाणी गप्प. तक्रारही नाही! तक्रार नाही म्हणून रडकुंडीला आलेला टेक्निशियन मी पहिल्यांदाच बघितला. त्याच्या आईनं दुसरं स्थळ काढलं. हा म्हणे, "थांब गं जरा," आणि माझ्या टेबलावरच्या फोनकडं बघत बसे.

एक दिवस ऐन गर्दीत फोन वाजला. आप्पासाहेब! मी स्पीकर लावला.

"वरच्या खोलीतलं ते डबडं काढून न्या. आता लागणार न्हाई."

मला वाईट वाटलं. भरतेश फोनवर वाकला.

"काका, स्पीड कमी पडलं काय? मी आत्ता निघतो, जागा बदलून बघतो!"

"स्पीड बक्कळ हाय. ती खोलीच रिकामी व्हणार, मग तिथं नेट कुणाला?"

ऑफिसातलं सगळं काम थांबलं. मालक दारात येऊन उभे राहिले.

"तुमच्या अनगोळच्या घरात आमची पोरगी कामाला कुठल्या खोलीत बसणार, ते सांगा," आप्पासाहेब म्हणाले. "ते डबडं तिथं लावा."

मी भरतेशच्या पाठीत एक धपाटा घातला, बोल की म्हणून. त्याचे डोळे भरले होते. कसाबसा बोलला.

"काका... आमच्या भिंती दगडी हाईत. एकानं भागायचं न्हाई. दोन लागतील!"