राजाची अडीच घरं

वळसंगला वडिलांच्या पटावर बुद्धिबळ शिकलेल्या नीलम्माला सोलापूरच्या क्लबात सगळं जमलं. पहिल्याच खेळीला प्यादं दोन घरं ढकलणं तेवढं जमलं नाही. तीस वर्षं भवानी पेठेत टॉवेलांच्या कडा शिवणारी बाई ती. क्लबाचा सचिव ऋतुराज मोबाइलवर नव्या सुरुवाती दाखवायचा, तर म्हणायची, "पयल्याच पावलाला उडी? घाई हाय का कुटं?"

स्पर्धेची शेवटची फेरी होती. आधीचे दोन डाव ती हरली होती. ऋतुराजनं सकाळीच बजावलं होतं, आजही हरलात तर जिल्ह्याच्या संघातून नाव कापणार.

समोर अभिमन्यू, इंजिनिअरिंगचा पोरगा, मानांकन मिळवलेला. नीलम्मानं प्यादी एकेक घर सरकवली, मग जुन्या सवयीनं राजा उचलला, घोड्यासारखा अडीच घरं नेऊन ठेवला आणि घड्याळ दाबलं. वडिलांच्या पटावर राजाला अशी एक उडी माफ असायची. इथं नव्हती.

पंचांनी राजा मागं ठेवला, अभिमन्यूला दोन मिनिटं वाढवून दिली. हात लावलाय तर राजाच हलवा, म्हणाले, आणि पुन्हा अशी चूक झाली तर डाव गेला. राजा एक घर पुढं उघड्यावर आला. मागच्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं. ऋतुराजनं लांबूनच डाव सोडायची खूण केली. नीलम्मानं पदर खोचला आणि मान फिरवली.

मग एकेक घर करत तिनं राजा प्याद्यांमागं नेला. अभिमन्यूनं वजीर घुसवला, तिनं वजिराला वजीर दिला. हत्ती आले, हत्तीही मारून घेतले. तीन तासांनी दोन राजे आणि एकमेकांत अडकलेली प्यादी उरली. अभिमन्यूनं बरोबरी विचारली.

"थांब," ती म्हणाली. जिंकायची वाट दोनदा शोधली. नव्हती. तेव्हा हात दिला.

ऋतुराज यादी घेऊन आला. "वाचलात, मावशी. ठेवतो नाव, राखीवमध्ये."

"राखीव का?"

"सुरुवात बघा की तुमची. कुठल्या पुस्तकात आहे असली?"

"ह्यो पुस्तकवाला माझ्या प्याद्यांतनं आत शिरला का?" तिनं अभिमन्यूकडं बोट केलं. तो खाली बघून हसला.

यादीत खेळणाऱ्या चौघांत शेवटचं नाव ऋतुराजचंच होतं. नीलम्मानं त्यावर बोट टेकवलं.

"ह्या जागेसाठी माझ्यासंगं खेळ. जिंकलास तर बसते राखीव."

"आत्ता?"

"मग कवा? बस."