माने सरांची बोलकी लॅब

अगं, ऐक तर! आज कुपवाडला काय झालं माहितीये? थांब, आधी आमचे माने सर कळायला पाहिजेत तुला. मूळचे दुष्काळी आटपाडीचे, घरी अजून मेंढरं. आमच्या एमबीए कॉलेजात टेक्नॉलॉजी आणि नॉलेज मॅनेजमेंट शिकवतात. मी त्यांच्या लॅबमध्ये असिस्टंट. त्यांचे किस्से साठून साठून माझ्या डोक्याचं स्टोरेज फुल झालंय! आणि तीच लॅब ठेवायची की बंद करायची, हे आज ठरणार होतं.

* * *

एकदा सरांनी सायबर सिक्युरिटीवर तासभर लेक्चर झोडलं. बाहेर येऊन कॉरिडॉरमधूनच ओरडले, "आवं शिंदे, माझा पासवर्ड काय वो?"

दुसऱ्या टोकाहून शिंदे शिपाई, "थोरल्या मेंढीचं नाव, सर!"

सर कपाळाला हात लावून म्हणाले, "झालं! आता मेंढी बदलाय लागणार!"

* * *

उंब्रजच्या एका पोरानं विचारलं, "सर, क्लाउड म्हंजे नक्की काय असतंय?"

"आमच्या आटपाडीचा ढग बगितलायस का रं? दिसतोय, पडत न्हाई. नेट स्लो असलं की डेटाचं तसंच. दिसतोय, डाउनलोड व्हईत न्हाई!"

* * *

स्टाफनं अनुभव शेअर करावेत म्हणून सरांनी 'ज्ञानभांडार' ग्रुप काढला. रोज नुसते गुड मॉर्निंगचे गुलाब! शेवटी सरांचा मेसेज आला, 'ज्ञान ऱ्हाऊ द्या. गुलाब तरी नवा टाका!'

* * *

आता आजचं. सर कुपवाडच्या कारखान्यांतल्या जुन्या मिस्त्रींचे अनुभव रेकॉर्ड करतात. मोबाईलला प्रश्न विचारायचा, मिस्त्रींच्याच आवाजात उत्तर येतं. डेमो बघायला आमचे डायरेक्टर एका मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये आलेले. आणि नेमकं समोरचं मशीन तापून बंद पडलं!

सर खूश! मोबाईल पुढं धरून त्यांनी विचारलं, "मशीन तापून बंद पडलंय, काय करू?"

मोबाईल बोलला, "आदी कपभर च्या सांगा."

सगळे फिस्सकन हसले. डायरेक्टर तडकले, "हे असलं उत्तर? आत्ता डिलीट करा, नाहीतर लॅब आजपासून बंद!"

त्या लॅबमध्ये जीव आहे गं त्यांचा. रेकॉर्डिंगचा लॅपटॉप माझ्यासमोर, माझं बोट डिलीटवर. सर माझ्याकडं बघतायत, डायरेक्टर माझ्याकडं बघतायत...

मी दारासमोरच्या चहाच्या टपरीकडं बघून ओरडले, "मामा, सगळ्यांना च्या!"

चहा आला. चिडून का होईना, डायरेक्टरही प्यायले. कप खाली ठेवले, तोवर मशीन गार झालेलं. मिस्त्रींनी उठून बटण दाबलं आणि घर्रर्र! मशीन चालू!

डायरेक्टरांनी रिकाम्या कपाकडं बघितलं, मशीनकडं बघितलं, मग मला म्हणाले, "त्या उत्तरात 'एक बिनसाखरेचा' पण ॲड करा!"

खरं सांग, तू असतीस तर डिलीट दाबलं असतंस?