उसनं दूध

टाकीतलं दूध दुसऱ्यांदा तपासलं, तरी स्ट्रिपवर एकच रेघ आली.

दुधात अँटिबायोटिक आहे का, हे ही स्ट्रिप सांगते. दोन रेघा आल्या तर दूध चांगलं. एकच आली तर जनावराला टोचलेलं औषध दुधात उतरलंय. मला ट्रेनिंगमध्ये डेन्मार्कचा व्हिडिओ दाखवला होता. तिथे प्रत्येक फार्मची स्वतःची टाकी, त्यामुळे खराब दूध तिथल्या तिथे अडतं. कर्जतजवळच्या आमच्या दूध संकलन केंद्रात मात्र सगळ्या गावाचं दूध एकाच बल्क कूलरमध्ये, म्हणजे गार ठेवणाऱ्या मोठ्या टाकीत जातं. आणि ते दूध न्यायला येणारा टँकर चौक गावाहून निघाला होता.

डेरीच्या साहेबांना फोन लावला.

"पाठवून द्या हो. टँकरमध्ये मिसळून जाईल."

"आणि प्लांटवर सापडलं तर? आपलं केंद्र बंद करतील, सर."

"मग तुम्हीच बघा."

निर्णय घ्यायची वेळ आली की साहेबांची रेंज जाते. मला रागही आला आणि भीतीही वाटली. गावातल्या बायकांनी मिनतवाऱ्या करून हे केंद्र आणलं होतं.

प्रत्येक घरच्या दुधाचा नमुना आम्ही बाटलीत ठेवतो. सगळ्या बाटल्या तपासल्या. सापडली ती यमुनाकाकूंची बाटली! मी धावतच त्यांच्या घरी गेले.

"काकू, इंजेक्शन कुठल्या जनावराला दिलंत?"

"आमच्याकडं कुनालाच नाय, मॅडम."

शेजारच्या सुगंधाताई तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या म्हशीची कास सुजलीय. तिला दिलंय. डॉक्टर बोलला, दूध डेरीला घालू नका. मी थेंब नाय घातला."

"मग त्या दुधाचं काय केलंत?"

"नातीच्या बारशाला काकूंकडनं दूध उसनं नेलं होतं. ते फेडलं."

काकूंनी ते आपल्या कॅनमध्ये ओतून डेरीला घातलं होतं. दोघींचंही वागणं सरळच होतं. मी कुणावर ओरडणार?

टँकर रिकामा परत पाठवला आणि टाकीचा व्हॉल्व्ह उघडला. दूध खड्ड्यात जाताना सुगंधाताई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. मलाही बघवत नव्हतं.

केंद्र वाचलं. साहेब नंतर म्हणाले, "बरं झालं, आपण पाठवलं नाही."

आता मीटिंगमध्ये मी सांगते, आजारी जनावराचं दूध डेरीला नको, हॉटेलला नको, आणि उसनं फेडायलाही नको. शेवटच्या वाक्याला बायका हसतात. मी हसत नाही.