जपानी पोराच्या फोटोखाली

घाडीकाका रोज दुपारी डबा उघडण्याआधी एका जपानी फुटबॉलपटूला जेवणाचं विचारायचे. पोरगा वीस-एकवीसचा, देखणा. नुसती बुटांची नाडी बांधली तरी फोटोवर लाखो बदाम पडायचे. जपानी, अरबी, इंग्रजी कॉमेंटांच्या त्या जत्रेत दुबईपलीकडच्या रास अल खैमातल्या आमच्या टाइल्सच्या कारखान्यातले काका लिहायचे : 'झिला, जेवलंस काय? पायाक जप.' ओळख लपवायला नाव घेतलं होतं 'भट्टीवाला'. भट्टीवरच कामाला होते, ही गोष्ट वेगळी!

मी स्टोअरचा माणूस, म्हणजे अक्कल वाटायला मोकळा. "काका, त्याला मालवणी कळणार आहे का?"

"तेका कित्याक कळूक व्हया? वाचणारा येगळाच आसा."

वाचणारी होती त्यांची लेक, कुडाळला कॉलेजात. काका दोन मे महिने नुसतं 'येतंय' म्हणाले आणि गेलेच नाहीत. तेव्हापासून ती फोनवर 'हं'च्या पुढे जात नव्हती. त्या पोराच्या प्रत्येक फोटोखाली मात्र हजर. म्हणून काकांनीही तिथेच बिऱ्हाड केलं. एक दिवस तिचं उत्तर आलं : 'ओ भट्टीवाले, तो सुशी खातो. तुम्ही काय खाल्लंत?' काकांनी ते मला चारदा वाचून दाखवलं. मग रोजचंच झालं. परीक्षा, आईची कंबर, गाभण म्हैस, सगळं त्या पोराच्या गोलांखाली.

आता माझा पराक्रम. ती वर्गात पहिली आली, तिने तिथेच लिहिलं आणि मला भरून आलं. मला भरून आलं की माझा अंगठा माझ्या ताब्यात राहत नाही. मी सगळ्या जगासमोर लिहिलं : 'घाडीकाका, लेकीने नाव काढलं हो!'

ती गप्प झाली. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. काका डबा उघडायचे, तसाच बंद करायचे. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

आठव्या दिवशी तिचा फोन आला. काका भिंतीपलीकडे गेले आणि हातमोज्याने डोळे पुसत परतले.

"तिका पयल्या दिसापासून म्हायत होतां. म्हणता, त्या आगाव माणसान आमचो खेळ मोडल्यान."

"मग आता?"

"आता येवकच व्हया म्हणता. ह्या खेपेक जातंय. खलास."

व्हिसा रद्द करून महिन्याभरात ते गेले. सुरुवातीला फोन यायचे, आता येत नाहीत. बोलायला घरात माणूस आहे.

माझी लेक इथेच असते, सोफ्यावर, माझ्या शेजारी. परवा तोच जपानी पोरगा तिच्या फोनवर दिसला.

"कोण गं हा?" मी काहीच माहीत नसल्यासारखं विचारलं.

"नोबडी, बाबा," ती म्हणाली आणि फोन जरासा पलीकडे वळवला.