मामांची डबी आणि तिचं बूच

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात एकही वस्तू उघडी ठेवलेली नाही आणि एकही झाकण धड ठेवलेलं नाही. मी तिखटमीठ लावतोय असं कुणाला वाटत असेल तर त्याने मुरुडच्या अलीकडे त्यांच्या वाडीत एक दिवस राहून दाखवावं. टीव्हीच्या रिमोटला जाड प्लास्टिकची पिशवी, आणि त्या पिशवीला फक्त आवाजाच्या बटणांपुरती दोन भोकं. बाकीची बटणं म्हणे माणसाला बिघडवण्यासाठी असतात. मिक्सरला कापडी झगा, आणि तो न काढता मिक्सर चालावा म्हणून झग्याला पुढून खिडकी. एकदा त्या खिडकीचा दोरा भांड्यात गेला आणि आम्ही सगळ्यांनी ओल्या खोबऱ्याच्या चटणीबरोबर तो निमूटपणे चघळला. जावयाने सासुरवाडीच्या माणसांसमोर थुंकायचं कुठे! मामा मात्र शांतपणे म्हणाले, "जावईबापू, कंपनी सगळ्या जगासाठी झाकण करते. आपल्यापुरतं आपणच करून घ्यायचं असतं."

मामा हायस्कुलात कार्यानुभव शिकवायचे. निवृत्त झाले तेव्हा शाळेने सुटकेचा निःश्वास सोडला असणार, पण घराचं काय? घरात मामी होत्या म्हणून निभावलं. मामा दाभण तापवायला घेऊन परसातल्या चुलीशी बसले की मामी स्वयंपाकघरातून सुरू व्हायच्या, "अहो, आता कुणाचा जीव घेताय?" त्या बोलायला लागल्या की वाडीतल्या सुपाऱ्या आपसूक गळत असतील, असा खणखणीत आवाज. गौरीच्या गाण्यांना आळीतल्या बायका त्यांच्याशिवाय सुरुवात करत नसत.

मग मामांच्या मुलाने परदेशातून एक कॅमेरा पाठवला. काड्यापेटीएवढा, डोक्याला बांधा, सायकलला लावा, पाण्यात बुडवा. पाण्यासाठी सोबत एक पारदर्शक डबी, खटकन बंद होणारी, आतून रबराची कड असलेली. मामांना कॅमेऱ्याचं कौतुक बेताचंच. डबी बघून मात्र त्यांचे डोळे पाणावले. त्यांनी कॅमेरा डबीत घातला तो पुन्हा कधी बाहेर काढला नाही. चार्जिंगसाठीसुद्धा डबीच्या बगलेत खाच पाडून तिला रबरी पट्टीचं दार बसवलं. पण आवाजाची पंचाईत झाली. डबीतून टिपलेला मामींचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा यायचा. तेव्हा मामांनी दाभण तापवलं आणि आतल्या माइकच्या बरोबर समोर डबीला एक भोक पाडलं. पाण्यात जाताना ते बंद करायला इंजेक्शनच्या बाटलीचं रबरी बूच कापून बसवलं. जलरोधक डबीला भोक! मी कपाळावर हात मारला. "बूच आहे ना," मामा म्हणाले. "बोलायच्या वेळी काढायचं, बुडवायच्या वेळी लावायचं. एवढं कळत नाही होय आम्हाला?"

त्या भोकातून मामांनी मागच्या गौरीला मामींचं गाणं टिपलं. पहिल्या कडव्यापासून शेवटापर्यंत, मधूनमधून मामांना दिलेल्या शिव्यांसकट. आणि दिवाळीनंतर मामींना पक्षाघात झाला. हातपाय सावरले, काठी घेऊन ओटीपर्यंत यायला लागल्या, पण वाचा गेली. तो आवाज गेला आणि घर इतकं गप्प झालं की मला तिथे जेवताना स्वतःच्या चावण्याची लाज वाटायची. उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, त्यांना त्यांचाच जुना आवाज रोज ऐकवा, सुराच्या मागे शब्द येतात कधीकधी. मग मामा रोज संध्याकाळी ओटीवर डबी घेऊन बसायचे. भोकाचं बूच काढायचं, गाणं लावायचं, मग मामींच्या ओठांकडे बघत बसायचं. मामी कधी गुणगुणायच्या. शब्द मात्र एकही नाही.

आणि त्या गाण्याची दुसरी प्रत नव्हती! मोबाइलमध्ये नाही, कुठेच नाही. माझ्या बायकोने किती वेळा डोकं फोडलं असेल. पण कार्ड काढायचं म्हणजे डबी उघडायची, कॅमेरा उघडायचा, आणि मामा म्हणणार, "उघडं पडलं की बिघडलंच समज." शेवटी एप्रिलातल्या एका रविवारी मी बायकोसह पनवेलहून लॅपटॉप घेऊन थेट वाडीवर धडकलो. आज प्रत काढल्याशिवाय पाणीसुद्धा पिणार नाही, असं एसटीतच ठरवलं होतं. बघतो तर मामा विहिरीवर! पंप पाणी ओढेना. तळाशी पाइपाच्या जाळीत काहीतरी अडकलं होतं आणि वाडी शिंपणं खोळंबलं होतं. मामांनी ओटीवरून डबी उचलून आणली होती, तिला विजेरी बांधली होती, नायलॉनची दोरी लावली होती.

"मामा, आधी प्रत काढू या," मी म्हटलं.

"आधी पाणी," मामा म्हणाले. "झाडं सुकताहेत. कॅमेरा पाण्यासाठीच केलेला असतो हो, जावईबापू. धरा दोरी."

मी धरली. काय करणार! डबी हिरव्या पाण्यात उतरली, विजेरीचा उजेड लहान होत गेला. मामा कठड्यावर ओणवे होऊन हुकूम देत होते: डावीकडे घ्या, सोडा, अजून सोडा. एवढ्यात ओटीवरून ठक ठक आवाज आला. मामी काठी आपटत होत्या. "चहा हवा असेल," मामा मान न वळवता म्हणाले आणि त्यांनी भाचीला हाक मारली. माझी बायको आतून चहा घेऊन गेली असावी, कारण लगेच कप पडल्याचा आवाज आला आणि काठी आणखी जोरात वाजू लागली. मी म्हटलं, "मामा, मामींना काहीतरी सांगायचंय." पण तेवढ्यात दोरीला ओढ बसली. डबी खाली जाळीत अडकली होती. वर येईना, खाली जाईना.

मी मान वळवून बघितलं. मामी ओटीच्या पायरीवर आल्या होत्या, एका हाताने खांब धरून. दुसरी मूठ पुढे केली होती. तोंड उघडत होतं, मिटत होतं, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. मागे माझी बायको त्यांना धरून, "मामी, बसा हो, पडाल" म्हणत रडकुंडीला आलेली. आणि मग मामींच्या घशातून काहीतरी फुटलं, खरखरीत, अनोळखी.

"बू... बू... बूच!"

मूठ उघडली. तळव्यावर ते काळं रबरी बूच होतं. आदल्या संध्याकाळी गाणं ऐकवताना काढून मामांनी ते मामींच्या खुर्चीशेजारच्या वाटीत ठेवलं होतं.

मामांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी पाण्याकडे बघितलं आणि सरळ कठड्यावर पाय टाकला. सत्तरी उलटलेला माणूस! मी एका हाताने दोरी आणि दुसऱ्या हाताने त्यांचं धोतर धरलं. "सोडा मला," मामा ओरडत होते, "सोडा हो, ती आत आहे!" मामी तिकडे पायरीवर उभ्या होत्या, चांगल्या ढळढळीत उन्हात. मी दोरीला असेल नसेल तेवढा हिसका दिला. खाली काहीतरी तुटलं आणि दोरी सैल पडली. क्षणभर वाटलं, गेली! मग हाताला वजन लागलं. आम्ही दोघांनी ओढली. डबी वर आली ती गळ्यापर्यंत पाण्याने भरलेली, आत कॅमेरा लोणच्यातल्या फोडीसारखा बुडालेला.

मामा ती छातीशी धरून मटकन खाली बसले. सगळा सदरा भिजला. म्हणाले, "मी तिला बुडवलं." मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर असा गोंधळ, की कुणी भलत्याच भाषेत हाक मारली असावी. मला विचारलं, "ती बोलली का हो आत्ता?"

"बोलल्या," मी म्हटलं. "बूच म्हणाल्या."

डबी तशीच कठड्याशी टाकून मामा ओटीकडे पळाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक वस्तू उघडी टाकली असेल. मामींचा हात हातात घेऊन ते पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले, आणि मामी त्यांच्या डोक्यावर टपल्या मारत पुन्हा पुन्हा तोच शब्द म्हणत राहिल्या. ती टपली शाबासकीची नव्हती, एवढं मी खात्रीने सांगतो.

कॅमेरा मेला. कार्ड मात्र पुसून, कुंकवाच्या करंड्यात घालून मामांनी तांदळाच्या पिंपात पुरून ठेवलं. पुढच्या रविवारी मी ते लॅपटॉपला लावलं, आणि गाणं आलं! सगळंच्या सगळं. मध्येच मामींचा तो खणखणीत आवाज: "अहो, त्या डबीला भोक पाडलंत ना, एक दिवस बुडवाल सगळं!" आम्ही हसलो. मामा हसले नाहीत. गाणं संपल्यावर हळूच म्हणाले, "इतकी वर्षं बोलत होती, आणि मी भोकं पाडत बसलो होतो. कधी नीट ऐकलंच नाही हो." मी त्या गाण्याच्या तीन प्रती काढल्या. एकही प्रत त्यांनी अजून मागितलेली नाही.

मामींना त्यानंतर दुसरा शब्द आलेला नाही. उपचाराच्या बाई कधी म्हणतात येईल, कधी म्हणतात नाहीही येणार. चहा हवा असला तरी बूच, औषध कडू लागलं तरी बूच, मामा दाभण शोधायला लागले की डोळे वटारून बूच. मामा आता ओटीवर त्यांच्या समोरच बसलेले असतात. हातात डबी नसते. ती रिकामी डबी खुंटीला टांगलीय, तिचं भोक उघडंच आहे.

परवा निघताना मी मामींच्या पाया पडलो. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि बराच वेळ, वेगवेगळ्या सुरांत तेवढंच म्हणाल्या. मला काही उमगेना. मी मामांकडे बघितलं.

"काही नाही," मामा म्हणाले, "खिडकीशी बसा म्हणतेय, पण हात बाहेर काढू नका. नारळ जड झाले तर इथेच ठेवा. आणि पोचल्यावर फोन करा. तिला स्वतःला बोलायचंय."