आम्हा दोघींत थकलेली कोण?

हसा, हसा, पण चहा हातात सांभाळून हसा, नाहीतर सांडाल अंगावर! माझी अशी फजिती झालीय की विचारू नका. आणि कशात, तर विश्रांती घेण्यात! विश्रांती घेताना कुणाची फजिती होते का हो? माझी झाली.

लढाईचे दिवस होते. मी आणि सोनाबाई तळेगावच्या मिशनातल्या बायबलबाया. म्हणजे जोडीनं गावोगाव जायचं, बायकांत बसून शुभवर्तमान सांगायचं, कुणाच्या पोराचे डोळे धुवायचे, कुणाचं रडगाणं ऐकायचं. आज इंदुरी, उद्या आणखी कुठलं गाव, सगळं पायी. ह्या फेऱ्या म्हणजे माझा जीव की प्राण!

एक दिवस मिशन चालवणाऱ्या आमच्या मिसबाईंनी दोघींना व्हरांड्यात बोलावलं. म्हणाल्या, "तुमच्यापैकी एक फार थकली आहे. ती स्वतः कबूल करणार नाही. लोणावळ्याचा मिशनचा बंगला रिकामा आहे. दोघी जा, आणि दुसरीने तिला जपावे. रविवारपर्यंत ती ताजीतवानी झाली नाही, तर तिच्या फेऱ्या बंद. मग बोर्डिंगात मुलींना शिवण शिकवायचे."

नाव घेतलं नाही. पण मला कशाला हवंय नाव? मी सोनाबाईकडे बघितलं. वाळून गेली होती बिचारी! मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तर तिनंही माझ्या पाठीवरून फिरवला. म्हटलं, बघा, आधार शोधतेय.

स्टेशनापासूनच सुरू! मी तिचं गाठोडं उचललं, तर तिनं माझं ओढलं.

"अगं, सोड ना!"

"नाही रूथबाई, तुम्ही हात हलवत चला."

फलाटावर नुसती झोंबाझोंबी. लोक बघताहेत!

लोणावळ्याला पहाटे उठून विहिरीवर जावं, तर घागर गायब. ही बया आधीच पाणी भरून आलेली! दुसऱ्या रात्री मी घागर उशाशी घेऊन झोपले. दुपारी तिला खाटेवर निजवावं, तर उठून माझंच अंथरूण घालायला लागली. मी ओरडले, "झोप म्हणते ना! गप पडून आराम कर!" अशी ओरडले की छपरावरची माकडंसुद्धा पळाली.

सांगा, थकलेल्या माणसानं असं वागावं? डोकं उठलं माझं!

त्यात दूध घालायला आली ठमामावशी, खालच्या गावची. "आवं बाई, मिसबाईंचा सांगावा हाय, थकलेल्या बाईला दूध जास्ती द्या म्हून. तुमच्यात थकलेली कंची?"

"ही!" दोघी एकदम, एकमेकींकडे बोट दाखवून.

"मंग वतू कुनाच्या भांड्यात?"

"तिच्या!"

मी भांडं तिच्याकडे सरकवलं, तिनं माझ्याकडे. मी पुन्हा तिच्याकडे. आणि गेलं सगळं दूध जमिनीवर! बघता बघता मी तिथंच फतकल मारली आणि ढसाढसा रडायला लागले.

"घावली गं बाई थकलेली!" ठमामावशी म्हणाली.

मी डोळे पुसत म्हटलं, "मावशी, मी हिच्या काळजीनं रडतेय हो!"

शनिवारी मिसबाई आल्या. मी ताठ उभी राहिले. "सोनाबाई आता पुष्कळ बरी आहे. तिला फेऱ्यांना सोडा."

"सोनाबाईला काय झाले होते?" मिसबाई म्हणाल्या. "मुलींवर तुम्ही खेकसता, प्रार्थनेत बसल्या बसल्या तुम्ही घोरता. मी तुमच्याविषयी बोलत होते, रूथबाई!"

 म्हणजे जपायची ती मी होते? आणि एवढे दिवस मी कुणाच्या उरावर बसले होते?

"आणि... माझ्या फेऱ्या?"

"बंद. नीट झोप लागू लागेपर्यंत इथेच राहायचे. सोनाबाई तुमच्यासोबत—"

सोनाबाई मटकन खाली बसली. हात जोडून म्हणाली, "बाई, मला जन्मभर शिवणाला बसवा, पण ह्यांना जपायला ठेवू नका. आता मात्र मी खरंच थकले!"

मिसबाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे आता हिलाही विश्रांती हवी. हिची काळजी कोणी घ्यायची?"

माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, "त्यात काय एवढं? मी आहे ना!"

"नको!" दोघी एकदम ओरडल्या.

आणि दारात दूध घेऊन उभी ठमामावशी, तिला कुणी विचारलं होतं का? तीही म्हणते कशी, "नगं गं माय, नगं!"