हिराताईंची संख्या

हिराताई गेल्याचं त्यांच्या मुलीनं, सुलभानं, फोनवर सांगितलं, तेव्हा मी पालघरच्या घरी नातवाला भागाकार शिकवत होतो. पुढचं गणित मला मांडता आलं नाही...

सुलभा शाळेत माझ्या गणिताच्या वर्गात होती. पालकसभेला आलेल्या हिराताईंनी तिच्या गुणांविषयी काही विचारलं नाही, पिशवीतून वही काढली. उमरोळीहून त्या बोईसरच्या एका औषध कारखान्यात पॅकिंगला जायच्या. गोळ्या मोजणारं यंत्र एके दिवशी एका आकड्यावर अडलं, गोळ्या मात्र पडतच होत्या. 2147483647. दोनशे चौदा कोटींच्या वरचा तो आकडा त्यांनी वहीत उतरवला आणि दोनपासून भागायला घेतला.

"सर, कशानंच भाग जात नाय. माजं चुकतं हाय का?"

मी आकडा ओळखला. दोन एकतीस वेळा मांडून गुणायचे आणि एक वजा करायचा. त्या यंत्राला याच्यापुढे मोजताच येत नव्हतं. मूळ संख्या आहे का ते फोनवर क्षणात बघून सांगतो, म्हणालो.

"नको. फोनला कळलं म्हंजे मला कळलं नाय."

दहावीपर्यंत शिकलेल्या बाईचं हे वाक्य ऐकून मी फोन खिशात ठेवला. एक गोष्ट मात्र सांगितली : या संख्येला भाग जायचाच असेल, तर अशाच मूळ संख्येनं जाईल, जिला एकतीसच्या दुपटीनं, म्हणजे बासष्टनं, भागल्यावर बाकी एक उरते. हजारो भागाकार वाचणार होते. पण त्यांचा विश्वास बसेना. मग दोन अकरा वेळा मांडून, गुणून, एक वजा करून 2047 दिली. इथे बासष्टऐवजी अकराची दुप्पट, बावीस. माझ्याच टेबलावर त्यांनी तिचे भाग शोधले : तेवीस आणि एकोणनव्वद. दोन्हींना बावीसनं भागलं. दोन्हीकडे बाकी एक! त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे कोनी ठरवलं, सर?"

तीस वर्षं गणित शिकवलं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्यामागचं कारण मला पाठ होतं, आश्चर्य मात्र त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

वर्षभरानं मधल्या सुट्टीत त्या शाळेत आल्या. सेहेचाळीस हजार तीनशे चाळीसपर्यंतच्या, बासष्टनं बाकी एक उरणाऱ्या सगळ्या मूळ संख्या लावून झाल्या होत्या, त्यापुढच्या दोन संख्यांचा गुणाकार या आकड्याहून मोठाच होतो, म्हणून पुढे जायची गरजच नव्हती. "एकानंबी नाय, सर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एवडी मोटी, आन कोनाच्याच पाढ्यात नाय." मला उठून उभं राहावंसं वाटलं, आणि मी राहिलो.

परवा उमरोळीला सुलभाला भेटायला गेलो. स्वयंपाकघरात कॅलेंडर उलटं टांगलेलं. कोऱ्या बाजूला एकोणीस अंकांची संख्या, दोन एकसष्ट वेळा गुणून एक वजा केलेली. खाली तीनच भागाकार.

"ही माज्यानं व्हायची नाय, आई म्हनायची," सुलभा म्हणाली. "तरी रोज हिच्यापुढं बसायची... हसत."

हिराताई जाऊन महिना उलटून गेलाय. सुलभानं कॅलेंडर सुलटं केलेलं नाही.